ग्रनोबलमध्ये चार दिवस सासूबाईंसोबत, की सरळ आनसीला जाऊ?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याची फ्रान्समधल्या ग्रनोबलला, तिथल्या सिंक्रोट्रॉनमध्ये (क्ष-किरणांची मोठी प्रयोगशाळा) मीटिंग आहे, आणि यावेळी मी आणि सासूबाई पण सोबत जातोय. सोमवार ते गुरुवार तो सकाळी आठला जाणार ते संध्याकाळी सातला उगवणार, म्हणजे आम्ही दोघी मोकळ्या. आईंचं वय ६८, उत्साह माझ्यापेक्षा जास्त पण गुडघे कुरकुर करतात, सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात पण चढ आणि पायऱ्या नकोत. दोघी शाकाहारी, अंडं चालतं.

आता गोंधळ असा की ज्याला विचारावं तो म्हणतो अगं ग्रनोबलमध्ये काय आहे, इंजिनियर लोकांचं गाव ते, आनसीला जा, शामोनीला जा, तिथे खरे आल्प्स. पण हॉटेल ग्रनोबललाच आहे, ते कंपनीचं. गाडी चालवणार नाही, म्हणजे मला परदेशात जमतच नाही. तर (१) ग्रनोबलमध्येच चार दिवस जातील का, (२) आनसी आणि शामोनी एका दिवसात जाऊन-येऊन होतं का, (३) खायचं काय? जाऊन आलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी सांगा प्लीज, नेटवरच्या टॉप टेन याद्या वाचून डोकं फिरलंय.

भटकी मनी

मी आठ वर्षांपूर्वी दोन दिवस होते. प्रामाणिक मत देते, राग नको. शहर म्हणून नाही आवडलं. स्टेशनबाहेर पडलं की काँक्रीटच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारती, भिंतीभर ग्राफिटी, आणि मी गेले तेव्हा धुकं होतं, त्यामुळे ज्या डोंगरांसाठी गेले ते दिसलेच नाहीत. आनसी म्हणजे मात्र अहाहा. तळं, कालवे, फुलं, मधोमध पाण्यात उभा तो दगडी वाडा. माझं मत, रोज सकाळी ट्रेन पकडून आनसीला जा :)

इझेरकाठी

मनी, तू धुक्यात आलीस हा तुझा दोष नाही पण शहराचा पण नाही गं. मी इथे नऊ वर्षं राहतोय, तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. ग्रनोबल हे आनसीसारखं बघायचं गाव नाही. इथे बघायचं ते वर. इझेर आणि द्राक अशा दोन नद्यांच्या संगमावर अगदी सपाट जागेत हे गाव वसलंय आणि तिन्ही बाजूंनी तीन डोंगररांगा अंगावर येतात: उत्तरेला शार्त्रूज, नैर्ऋत्येला व्हेरकोर, पूर्वेला बेलदोन. कुठल्याही रस्त्याच्या टोकाला डोंगर दिसतो असं वाक्य इथल्याच लेखकाच्या, स्तांदालच्या नावावर सांगतात, आणि ते शब्दशः खरंय, भाजी आणायला निघालो तरी समोर बर्फ. मात्र वाडग्याच्या तळाशी असल्यासारखं गाव असल्यामुळे उन्हाळ्यात तापतं आणि थंडीकडे थंड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि आपण धुक्यात. गंमत म्हणजे हजार मीटरवर गेलं की त्याच वेळी लख्ख ऊन असतं आणि खाली कापूस पसरल्यासारखा ढगांचा समुद्र.

म्हणून माझा एकच सल्ला. वारानुसार प्लॅन करू नका, सकाळी पडदा उघडून ठरवा. आकाश मोकळं असेल तर त्याच क्षणी बास्तीय किल्ल्यावर जा, बाकी सगळं मागे ढकला. दाट धुकं असेल तर बास्तीयवर जाऊन उपयोग नाही कारण तो किल्ला जेमतेम ४७६ मीटरवर आहे, केबिनमध्ये बसून पांढरा रंग बघत बसाल. त्या दिवशी एकतर म्युझियम, नाहीतर व्हिलार-द-लान्सची बस पकडा, तासाभरात व्हेरकोरच्या पठारावर हजार मीटरच्या वर. तिथे गाव सपाट आहे, आईंना चालायला छान.

बास्तीयबद्दल. नदीकाठावरून वर जाणाऱ्या गोल काचेच्या केबिन, सगळे त्यांना 'ब्यूल' म्हणजे बुडबुडे म्हणतात. रोपवे १९३४चा आहे, जगातल्या पहिल्या काही शहरी रोपवेंपैकी, गोल केबिन १९७६ला आल्या. पाचेक मिनिटांत नदी ओलांडून वर. गुडघ्यांची काळजी नको, उतरल्यावर लगेच गच्ची आहे, तिथून दोन नद्यांचा संगम, खाली आठ किलोमीटर सरळ रेषेत गेलेला रस्ता, आणि हवा फारच स्वच्छ असेल तर ईशान्येला मोंब्लां शिखर. शिवाय संगमाच्या टोकाशी एक भलीमोठी गोल रिंग दिसेल, तेच तुमच्या यजमानांचं सिंक्रोट्रॉन, परीघ ८४४ मीटर. आईंना दाखवा, लेक कुठे बसलाय ते :) जानेवारीत देखभालीसाठी रोपवे काही दिवस बंद असतो पण तुम्ही ऑक्टोबरला येताय.

ट्राम उत्तम आहे. १९८७ला इथे ट्राम परत आणली तेव्हाच खालच्या पातळीचे डबे केले, व्हीलचेअर सहज चढावी म्हणून, त्यामुळे आईंना पायरीच नाही. बी लाइन थेट सिंक्रोट्रॉनच्या बाजूला संपते.

सोनचाफा

बापरे, किती छान लिहिलंत, रिंगचं वाचून आई आत्ताच खूष. एक विचारू का, मंगळवारी काही बंद असतं असं कुठेतरी वाचलं?

इझेरकाठी

हो, ते राहिलंच. बहुतेक म्युझियम मंगळवारी बंद. आणि आनसीच्या जुन्या गावात बाजार भरतो मंगळवार, शुक्रवार, रविवार सकाळी. म्हणजे एवढा एक दिवस मात्र आधी ठरवून टाका, मंगळवारी आनसी. ट्रेनने पावणेदोन-दोन तास, कधी मध्ये बदलावी लागते. स्टेशनपासून जुनं गाव दहा मिनिटं, सपाट. बाजार दुपारी आवरतात म्हणून लवकर निघा.

शामोनी विसरा. नकाशात जवळ वाटतं पण ट्रेनने दोनतीन गाड्या बदलून जाणं-येणं यातच दिवस संपतो, आणि तिथल्या एग्वी द मिदी शिखराच्या रोपवेचं वरचं स्टेशन ३८०० मीटरच्या आसपास, थेट तेवढ्या उंचीवर ६८ व्या वर्षी धावतपळत जाणं मला तरी बरोबर वाटत नाही.

खडूस आजोबा

इझेरकाठी यांनी हवापाणी सांगितलं, मी इतिहास सांगतो, कारण तुम्ही आजकालची मंडळी फोटो काढून परत येता.

फ्रेंच राज्यक्रांती म्हणजे पॅरिस असं आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या वर्षभर आधी, ७ जून १७८८ला ग्रनोबलच्या लोकांनी छपरांवर चढून राजाच्या शिपायांवर कौलं फेकली. कारण काय तर इथलं पार्लमां, म्हणजे प्रांताचं न्यायालय, राजाने गुंडाळायला घेतलं होतं आणि न्यायाधीशांना गावाबाहेर काढत होते. त्या दिवसाला 'कौलांचा दिवस' म्हणतात. पुढे २१ जुलैला जवळच्या व्हिझीयच्या वाड्यात तिन्ही वर्गांचे, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांचे, प्रतिनिधी जमले. वाडा तेव्हा क्लोद पेरिये नावाच्या कापड कारखानदाराचा होता, त्याने तो बैठकीसाठी दिला. आज तिथे फ्रेंच राज्यक्रांतीचं म्युझियम आहे, प्रवेश मोफत, आणि मागे भलंमोठं पार्क, पाणी, मासे, हरणं. ग्रनोबलहून बसने जाता येतं. सूनबाई, सासूबाईंना तिथे नक्की न्या, पार्क सपाट आहे. मंगळवारी मात्र नाही.

दुसरं, शांपोलियों. इजिप्तची चित्रलिपी १८२२ला ज्याने उलगडली तो. लहानपणी थोरल्या भावाकडे ग्रनोबलला शिकायला आला, आणि त्याच काळात इथला प्रीफे, आपल्याकडे कलेक्टर म्हणतो तसा, कोण होता तर जोसेफ फूरिये. हो तोच, फूरिये सीरीजवाला! नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला. गणितज्ञ जिल्हा सांभाळतोय, उष्णतेवर संशोधन करतोय आणि त्याच्याकडच्या इजिप्तच्या वस्तूंनी एका पोराला वेड लागतंय. यजमान इंजिनियर असतील तर त्यांना सांगा, कॉलेजात ज्याने छळलं तो याच गावात बसून उष्णतेचं गणित मांडत होता. शांपोलियों बंधूंच्या घरात व्हिफ या गावी २०२१ला म्युझियम उघडलं, तेही मोफत.

भटकी मनी

आजोबा, मी फोटो पण काढले नाहीत हो, धुकं होतं म्हटलं ना :D

तूपसाखर

खाण्याचं कुणीच बोलत नाहीये! मी इथे शिकायला होते दोन वर्षं, शाकाहारी, जगले, वजन वाढलं उलट.

सगळ्यात आधी हे पाठ करा: 'सां व्याँद, सां प्वासों', मांस नको मासे नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की अजूनही कुणीतरी भाबडेपणाने मासा आणून ठेवतं. आणि सॅलडमध्ये 'लार्दों' हा शब्द दिसला की पळा, ते डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि ते हिरव्या पानांत असे लपतात की पहिला घास गेल्यावर कळतं (अनुभव).

मग मागवायचं काय. ग्रातॅं दोफिनवा, म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या दूध, साय, लसूण घालून ओव्हनमध्ये तासभर मुरवलेल्या. यात चीज घालायचं नाही असं इथले जुने लोक शपथेवर सांगतात आणि अर्धी हॉटेलं बिनधास्त घालतात, त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं होताना मी पाहिलीत. दुसरं, राव्हियोल. पास्त्याच्या एवढुशा, नखाएवढ्या चौकोनी पुरचुंड्या, आत चीज आणि पार्सली, पिठात अंडं असतं पण तुम्हाला चालतं म्हणालात. पाण्यात मिनिटभरात शिजतात, किचन असलेली खोली असेल तर सुपरमार्केटमधून आणून घरीच करा, वरून मिरपूड. आईंना नक्की आवडेल.

एक महत्त्वाचं, कडक शाकाहारी असाल तर: इथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. काहींना चालतं, काहींना नाही. मी सांगून ठेवते, पुढचं तुम्ही ठरवा.

वेळा पाळा!! दुपारी बारा ते दोन आणि मग थेट सात. साडेतीनला भूक लागली तर बेकरी आहे, हॉटेल नाही. पहिल्या आठवड्यात मी चार वाजता गावभर फिरले आणि शेवटी केक खाऊन झोपले.

आणि तुम्ही अगदी अक्रोडाच्या मोसमात जाताय! ग्रनोबलचे अक्रोड म्हणजे नाव आहे, १९३८पासून त्यांना अधिकृत नामांकन आहे. हाल सॅंत क्लेरच्या बाजारात किंवा स्टेशनजवळ रेल्वेच्या पुलाखाली भरणाऱ्या एस्ताकादच्या बाजारात ताजे मिळतील. ताजा अक्रोड आपण खातो त्या सुक्यासारखा नसतो, आतली साल ओली असते, ती सोलून काढायची मग गर दुधाळ आणि गोडसर लागतो. सोमवारी बाजार नसतो.

कोपऱ्यातला

+१ राव्हियोलला. आणि शार्त्रूज नावाची दारू कोण सांगणार? हिरवी, ५५ टक्के अल्कोहोल, १३० वनस्पती, कृती फक्त मठातल्या साधूंनाच माहीत. मठ १०८४ला स्थापन झालेला, अजूनही साधू मौनात राहतात, आत पर्यटकांना प्रवेश नाही, बाजूला एक म्युझियम आहे. पण त्यांची तळघरं व्होआरोंला बघता येतात, ग्रनोबलहून ट्रेनने वीसेक मिनिटं.

सोनचाफा

आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या साधू दारू करतात?? मग थोड्या वेळाने म्हणाल्या १३० वनस्पती म्हणजे काढाच की.

खडूस आजोबा

बरोबर म्हणाल्या. सुरुवात औषध म्हणूनच झाली, १६०५च्या एका हस्तलिखितातून. आजही त्यांचा एक अर्क मिळतो, ६९ टक्के, तो साखरेच्या खड्यावर दोन-तीन थेंब टाकून घेतात. आमच्याकडे सर्दीला चालायचा. म्हणजे मलाच.

काँक्रीटप्रेमी

मनीच्या 'काँक्रीट' वर मला बोलायचंच आहे, माझा विषय आहे, मी आर्किटेक्ट. १९६८ला इथे हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यासाठी आणि त्या काळात शहर जे फुगलं त्या त्या इमारती. पॉल मिस्त्राल पार्कमध्ये गेलात तर महापालिकेची इमारत, तेव्हाचं बर्फाचं स्टेडियम आणि ऑलिंपिकच्या ज्योतीचा कटोरा सगळं एकत्र दिसेल, पार्क सपाट, बाक भरपूर. आणि तिथेच तूर पेरे, ९० मीटरच्या वर उंच काँक्रीटचा मनोरा, १९२५च्या जलविद्युत आणि पर्यटनाच्या प्रदर्शनासाठी ओग्युस्त पेरेने बांधलेला. जलविद्युत का, तर इथल्या डोंगरातल्या धबधब्यांवर वीज करायची कल्पना याच खोऱ्यात रुजली, त्याला 'पांढरा कोळसा' म्हणायचे, आणि इथले कारखाने, मग प्रयोगशाळा, मग तुमच्या नवऱ्याची मीटिंग, सगळं त्याच पाण्यावर उभं आहे. १९६०पासून मनोरा लोकांसाठी बंद होता, दुरुस्तीचं मोठं काम काढलं होतं, त्यामुळे वर जायचं डोक्यात ठेवून जाऊ नका, खालून बघा. काँक्रीट इतकं नाजूक दिसू शकतं हे बघूनच कळतं.

ग्राफिटीचं म्हणशील तर त्यातले निम्मे म्युरल मुद्दाम काढून घेतलेले आहेत, २०१५पासून स्ट्रीट आर्टचा महोत्सव होतो.

भटकी मनी

मुद्दाम असोत नाहीतर कसे, मला आनसीच्या खिडकीतली फुलंच आवडतात, काय करू.

इझेरकाठी

मनीला फुलं लखलाभ :) सोनचाफा, अजून तीन गोष्टी.

ग्रनोबलचं चित्रांचं म्युझियम चुकवू नका. सपाट, एकाच मजल्यावर बरंचसं, बसायला जागा. रुबेन्स, झुर्बारान, पुढे मातिसचं वांग्यांचं चित्र आहे १९११चं, भलं मोठं, त्यासमोर बसून आईंना विचारा यात वांगी कुठेत, चांगला वेळ जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, पण तुम्ही सोमवार ते गुरुवार आहात.

दोफिनवा म्युझियम, म्हणजे डोंगरातल्या लोकांचं जगणं, स्कीइंगचा इतिहास वगैरे, मोफत आणि सुंदर, जुन्या मठात आहे. पण नदीकाठावरून तिथे जायला दगडी पायऱ्यांचा चढ आहे, आईंना त्या वाटेने अजिबात नेऊ नका, मागच्या वरच्या रस्त्याने टॅक्सी दारात जाते. त्यापेक्षा त्याच काठावर खाली सॅं लोराँ आहे, जुन्या चर्चखाली उत्खनन करून उघडं केलेलं, सहाव्या शतकातलं तळघर. तेही मोफत.

तिसरं, हवा चांगली असेल आणि गाडी त्या दिवशी असेल तर ला म्यूरची छोटी रेल्वे. १८८८ची, खाणीतला कोळसा खाली आणायला कड्याच्या पोटातून काढलेली, दरड कोसळून २०१०ला बंद पडली, २०२१ला वरचा पंधरा किलोमीटरचा भाग परत सुरू झाला. शेवटी तळ्यावरचा कडा. बसून सगळं बघायचं म्हणून गुडघेवाल्यांसाठी यासारखं काही नाही. ऑक्टोबरमधल्या तारखा बघून आधीच बुक करा. ग्रनोबलहून ला म्यूरची बस लाफ्रेवरून जाते, एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परत आलेला नेपोलियन १८१५च्या मार्चमध्ये जिथे राजाच्या सैनिकांसमोर उभा राहिला ते कुरण तिथेच. घोड्यावरचा पुतळा आहे. आजोबा, तुम्ही हे विसरलात कसे?

खडूस आजोबा

विसरलो नव्हतो, टाइप करायला वेळ लागतो.

सोनचाफा

परत आले, सांगायला उशीर झाला, सॉरी! सोमवारी पडदा उघडला तर समोरची बिल्डिंग पण दिसेना. मी रडकुंडीला. आई म्हणाल्या त्या मुलाने सांगितलंय ना, बस बघ. व्हिलारची बस धरली, वळणं वळणं घेत वर गेलो आणि एका वळणावर अचानक ऊन, अख्ख्या बसने एकदम आवाज काढला, म्हणजे रोज जाणाऱ्या बायकांनी पण. खाली ढग, वर निळं. आई पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, हे आमच्याकडे विक्रमी आहे.

मंगळवार आनसी, बाजार, गोड गाव, पण गर्दी इतकी की पुलावर फोटोसाठी रांग. मनी, फुलं होती. बुधवारी स्वच्छ, साडेनऊला रोपवेच्या दारात. मोंब्लां दिसला की नाही यावर अजून वाद आहे, मी म्हणते ढग होता. रिंग मात्र दिसली आणि आईंनी तिथून लेकाला फोन लावला, मीटिंग चालू असताना, की बाहेर ये आणि हात हलव.

गुरुवारी ला म्यूरची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून व्हिझीय. खरं सांगू का, आईंचं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच निघालं. राज्यक्रांतीमुळे नाही, माशांमुळे. पाण्याशी बाकावर पाऊण तास बसल्या.

खाणं: ग्रातॅं तीनदा, राव्हियोल दोनदा, लार्दों एकदा, पहिला घास गेलाच, तूपसाखर तुझी शपथ पाठ केली होती तरी. अक्रोड दोन किलो आणले, ओली साल सोलून बोटं अजून काळी आहेत. ते कसे वाळवायचे कुणी सांगेल का, अर्ध्यांना बुरशी धरायला लागलीय.

तूपसाखर

अगं एकावर एक ठेवू नकोस! जाळीवर एका थरात पसर, वारा लागू दे, रोज हलव, थेट उन्हात नको. बुरशीवाले आधी बाजूला काढ आणि टाकून दे, वास गेला म्हणून खाऊ नकोस.